केशरी लाईफ जॅकेट आणि डॉल्फिनचा डोळा

दिवाळीच्या सुट्टीत भाचीला घेऊन हर्णैला डॉल्फिन बघायला गेले होते. बोट सुटायच्या आधी सगळ्यांच्या अंगावर केशरी लाईफ जॅकेटं चढवली गेली. आठ वर्षांच्या पोरीला ते जवळजवळ गुडघ्यापर्यंत आलं. अर्धा-पाऊण तास नुसतं पाणी बघण्यात गेला आणि मग बोटीच्या उजव्या अंगाला एक करडी पाठ वर आली, पाठीवरचा उंचवटा आणि त्यावरचा छोटासा पर दिसला, आणि पुन्हा पाणी. बोटवाल्या काकांनी इंजिन बंद केलं. "गादा आहे. गप बसा सगळे, परत येईल." कोकणातले जुने लोक डॉल्फिनला गादा म्हणतात. तो खरंच परत आला, आणि या वेळी पाठ नाही, डोकं वर काढलं त्यानं. दोन-तीन सेकंदच. पण तेवढ्यात त्याचा बारीकसा डोळा दिसला आणि तो आमच्याकडे बघतोय असं प्रत्येकाला वाटलं.

"मावशी, त्याला मी केशरी दिसले असेन का गं?" भाचीनं विचारलं.

मी पटकन हो म्हटलं. घरी आल्यावर तिचा प्रश्न डोक्यातून जाईना म्हणून वाचायला बसले आणि कळलं की माझं उत्तर चुकलं होतं. बरोबर उत्तर इतकं सुंदर आहे की ते नीट सांगायलाच हवं.

विहिरीत पोहायला शिकलेल्या माणसाला पाण्याखालचं बघणं म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. तळातला खडा काढून आणायची पैज लागायची, बुडी मारून डोळे उघडले की विहिरीच्या पायऱ्या, कपारी, शेजारी पोहणाऱ्या भावाचे पाय, सगळं वितळल्यासारखं दिसायचं. उजेड भरपूर असायचा, रंगही कळायचे, पण कशालाच कड नसायची. हे असं होतं, कारण आपला डोळा हवेसाठी घडलेला आहे. प्रकाश हवेतून डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यात, म्हणजे पारपटलात शिरताना जोरात वळतो. आपल्या डोळ्याची प्रकाश वळवण्याची एकूण ताकद साधारण ६० डायॉप्टर, आणि त्यातले ४३ च्या आसपास एकट्या पारपटलाचे. आतलं भिंग उरलेलं बारीकसारीक काम करतं. पण पारपटलाच्या आत पाणीच असतं. बाहेरही पाणी आलं की प्रकाशाला वळायचं कारणच उरत नाही, आणि ते ४३ डायॉप्टर जवळजवळ सगळे गळून पडतात. पाण्याखाली डोळे उघडणं म्हणजे अधिक चाळीस नंबरचा चष्मा असलेल्या माणसानं तो काढून ठेवून बघणं. पोहण्याचा गॉगल लावला की सगळं पुन्हा स्पष्ट दिसतं, ते काचेमुळे नव्हे, काचेमागे अडकलेल्या हवेमुळे.

मग जे प्राणी जन्मभर पाण्यातच असतात ते काय करतात? याचं उत्तर मासे खाणाऱ्या घरात ताटातच असतं. शिजलेल्या बांगड्याचं डोकं फोडलं की डोळ्यातून ज्वारीच्या दाण्यासारखा एक पांढरा, कडक गोळा निघतो. मुलं तो ताटाच्या कडेला काढून ठेवतात. ते माशाच्या डोळ्यातलं भिंग. कच्च्या माशात ते काचेसारखं आरपार असतं. शिजलं की अंड्याच्या पांढऱ्यासारखं पांढरं होतं, कारण दोन्ही प्रथिनांचेच बनलेले. आपलं भिंग मसुरीसारखं चपटं, माशाचं मात्र पूर्ण गोल. पारपटलाची मदत मिळणार नाही म्हटल्यावर सगळं काम भिंगालाच करावं लागतं, आणि भिंग जितकं गोल तितका प्रकाश जास्त वळतो. साध्या काचेच्या गोटीतून मात्र कडेचं सगळं फाकलेलं दिसतं. माशाच्या भिंगात कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर असतात, मध्यभागी सगळ्यात दाट आणि बाहेर येताना हळूहळू विरळ, म्हणून चित्र फाकत नाही.

देवमासे आणि डॉल्फिन मासे नाहीत, ते आपल्यासारखे सस्तन प्राणी. त्यांचे पूर्वज जमिनीवर चालणारे, खूर असलेले होते. पण पाण्यात परतल्यावर त्यांच्या डोळ्यातही असाच गोल भिंगाचा गोळा तयार झाला. सीलच्या डोळ्यातही तेच. माशांशी काही नातं नसताना तीच युक्ती, कारण पाण्यात प्रकाश वळवायला दुसरा मार्गच नाही.

अडचण आता उलट्या बाजूनं येते. गोल भिंगाचा डोळा हवेत आणला की पारपटल पुन्हा कामाला लागतं आणि प्रकाश गरजेपेक्षा जास्त वळतो. डॉल्फिन पाण्याबाहेर डोकं काढतो तेव्हा तो खरं तर लघुदृष्टीचा, जवळचंच दिसणारा व्हायला हवा. तरीही शिकवलेले डॉल्फिन हवेत उंच धरलेल्या वस्तूला अचूक नाक लावतात. १९७५ साली हवाईमध्ये डॉल्फिनांवर काम करणारे लुई हर्मन आणि त्यांचे सहकारी यांनी त्याचं कारण दाखवलं. डॉल्फिनच्या बुबुळाला वरून एक झडप असते. उजेड वाढला की ती खाली उतरते, बाहुलीचा आधी इंग्रजी यू अक्षरासारखा आकार होतो, आणि कडक उन्हात मधलं सगळं बंद होऊन दोन टोकांना दोन बारीक भोकं उरतात. चष्मा घरी राहिला की बसची पाटी वाचायला आपण डोळे बारीक करतो ना, तेच हे. भोक जितकं बारीक तितकं भिंगाचं बरं-वाईट कमी चालतं. एकाच डोळ्यात दोन बाहुल्या! आणि डोळ्याच्या मागच्या दृष्टिपटलावरही पेशींची दाट वस्ती असलेल्या जागा दोनच आहेत. आपल्याइतकं बारीक त्याला दिसत नाही, साधारण आठ-दहा पट कमी. पण पाण्यात आणि उजेडातल्या हवेत त्याची नजर जवळजवळ सारखी चालते, आणि ही गोष्ट आपल्याला नुसत्या डोळ्यांनी कधीच जमायची नाही.

सीलनं हाच प्रश्न वेगळ्या तऱ्हेनं सोडवला. त्याच्या पारपटलावर एक जागा सपाट असते. सपाट खिडकीतून सरळ शिरणारा प्रकाश हवेतही फारसा वळत नाही. उन्हात त्याची बाहुली मांजरासारखी उभ्या फटीत मिटते आणि ती फट नेमकी त्या सपाट भागासमोर येते. समुद्री ऊदमांजराची, म्हणजे सी ऑटरची, तऱ्हा आणखी निराळी. त्यानं पारपटलही आपल्यासारखंच ठेवलंय आणि भिंगही. पाण्यात बुडी मारली की तो बुबुळाच्या स्नायूंनी भिंग दाबून पुढे फुगवतो आणि सुमारे ६० डायॉप्टरची ताकद जागच्या जागी तयार करतो. लहान मुलांचं भिंग फार तर १५ डायॉप्टरपर्यंत फुगतं, चाळिशीनंतर तेही जातं.

पण सवयीनं माणूसही थोडं शिकतो. थायलंड-म्यानमारच्या किनाऱ्यावर मोकेन नावाचे समुद्रावर जगणारे लोक आहेत. त्यांची मुलं गॉगल न लावता तळाशी जाऊन शिंपले आणि समुद्रकाकड्या वेचतात. स्वीडनच्या लुंड विद्यापीठातल्या अ‍ॅना गिस्लेन यांनी २००३ मध्ये दाखवलं की पाण्याखाली या मुलांना युरोपी मुलांपेक्षा दुपटीनं बारीक दिसतं. ही मुलं पाण्यात बाहुली आवळून घेतात आणि भिंग होईल तितकं फुगवतात. पुढे सरावानं युरोपी मुलांनाही ते जमलं. विहिरीत खडा शोधणारी आमची टोळी योग्य वाटेवर होती, सराव मात्र कमी पडला.

स्पष्ट दिसण्याचं झालं. आता उजेडाचं.

समुद्रात खाली जाताना उजेड नुसता कमी होत नाही, रंगारंगानं कमी होतो. तारकर्लीला स्कूबा केलेल्यांनी पाहिलं असेल, सात-आठ मीटरवरच लाल कपडा तपकिरी-काळपट दिसू लागतो. पाणी लाल प्रकाश पहिल्यांदा गिळतं, मग केशरी, मग पिवळा. स्वच्छ महासागरात सगळ्यात खोल जातो तो निळा, तरंगलांबी ४७५ नॅनोमीटरच्या आसपासचा. दोनशे मीटरच्या खाली वनस्पतींना अन्न करण्याइतकाही उजेड उरत नाही. हजार मीटरखाली सूर्याचा पत्ताच नाही. तिथे जो काही उजेड दिसतो तो जिवांनी स्वतः पेटवलेला. हिवाळ्यात रात्री कोकणातल्या लाटांवर जी निळसर चमक दिसते ना, त्याच जातीचा. खोल समुद्रातले बरेच मासे असेच निळे दिवे लावतात.

या अंधारात शिकार करणारा प्राणी म्हणजे एलिफंट सील. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर वाळूत पडलेला हा आळशी वाटणारा अजस्र जीव समुद्रात एकामागून एक चारशे-सहाशे मीटरच्या बुड्या मारतो. कधीकधी दीड हजार मीटरच्याही पुढे जातो. त्याच्या बाहुलीचं मोजमाप १९९०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी केलं. काळोखात तिचं क्षेत्रफळ ४२२ चौरस मिलिमीटर, म्हणजे जवळपास पाच रुपयांच्या नाण्याएवढं. भर उजेडात ०.९ चौरस मिलिमीटर, राईच्या दाण्याएवढं. ४६९ पट फरक! आपली बाहुली मोठ्यात मोठी आणि लहानात लहान यांत साधारण १६ पट फरक करते. उथळ पाण्यात वावरणारा, सीलच्याच कुळातला सी लायन २६ पटींवर थांबतो.

वर असताना इतकी बारीक बाहुली कशाला? मला वाटतं या प्राण्याबद्दलची ही सगळ्यात देखणी गोष्ट आहे. उन्हातून आपण एकदम अंधाऱ्या माजघरात शिरलो की काही क्षण काहीच दिसत नाही, आणि डोळे पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. एलिफंट सीलची अख्खी बुडीच साधारण वीस मिनिटांची. तेवढा वेळ डोळे सरावण्यात गेला तर तो उपाशी मरेल. म्हणून तो वर असतानाच डोळ्यात ऊन शिरू देत नाही, दृष्टिपटल अंधारासाठी राखून ठेवतो, आणि खाली गेल्यावर त्याचे डोळे सहाएक मिनिटांत पूर्ण तयार होतात. त्याच्या दृष्टिपटलामागे आरसाही आहे. रात्री गाडीच्या दिव्यात गाय-मांजराचे डोळे चमकतात तो हाच थर. पेशींच्या हातून निसटलेला प्रकाश तो परत पाठवतो, म्हणजे त्याला पकडायची दुसरी संधी मिळते. देवमाशांनाही असा आरसा आहे.

आता रंगांकडे येऊ. भाचीचा प्रश्न इथे सुरू होतो.

दहावीच्या विज्ञानात शिकलेलं आठवत असेल: दृष्टिपटलावर दंडाकार पेशी अंधुक उजेडासाठी आणि शंक्वाकार पेशी रंगांसाठी. माणसात शंक्वाकार पेशी तीन जातींच्या आहेत. एक निळ्या टोकाला, एक हिरव्याला आणि एक पिवळ्या-लालसर टोकाला जास्त दाद देणारी. बहुतेक सस्तन प्राण्यांत, गाय, कुत्रा, घोडा, सगळ्यांत दोनच जाती: एक निळ्याची, एक हिरव्याची.

दोन तरी का लागतात? भाजीवाल्याच्या तराजूचा विचार करा. पिशवी ठेवली की काटा सांगतो, दोन किलो. आत कांदे आहेत की बटाटे हे काटा सांगू शकत नाही. एकेकटी शंक्वाकार पेशी अशीच असते. किती प्रकाश मिळाला एवढंच ती मेंदूला कळवते, रंग कुठला ते नाही. मंद हिरवा आणि भडक निळा यांनी तिच्यावर सारखाच भार टाकला तर तिच्या लेखी दोन्ही एकच. मेंदूला रंग कळतो तो दोन वेगळ्या पेशींचे आकडे शेजारी ठेवून. निळीनं जास्त सांगितलं आणि हिरवीनं कमी, म्हणजे वस्तू निळसर. एकच जात असेल तर तुलना नाही, आणि तुलना नसेल तर रंग नाही.

२००१ साली जर्मनीतल्या फ्रँकफुर्टच्या माक्स प्लांक मेंदू संशोधन संस्थेतले लिओ पाइख्ल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देवमासे, डॉल्फिन आणि सील यांच्या दृष्टिपटलांची तपासणी प्रसिद्ध केली. कुठली शंक्वाकार पेशी कुठल्या जातीची हे ओळखण्यासाठी त्यांनी त्या-त्या रंगद्रव्याला जाऊन चिकटणारी प्रतिद्रव्यं वापरली. तपासलेल्या एकाही जातीत निळ्याची पेशी सापडली नाही. हिरव्याचीच होती, तीही संख्येनं थोडी. उरलेलं सगळं दृष्टिपटल दंडाकार पेशींनी भरलेलं.

म्हणजे पृथ्वीवरच्या सगळ्यात निळ्या जागेत राहणाऱ्या प्राण्यांनी नेमका निळाच गमावला! मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा पुन्हा मागे जाऊन वाचलं. आणि हे दोन घराण्यांत स्वतंत्रपणे घडलंय. देवमाशांचं मूळ गाय-पाणघोड्याच्या कुळात, सीलचं मूळ अस्वल-ऊदमांजर असल्या मांसाहारी प्राण्यांत. दोघं वेगवेगळ्या काळी समुद्रात उतरले आणि दोघांच्या डोळ्यातून तीच पेशी गेली. असा योगायोग दोनदा घडत नाही, त्यामागे कारण असतं.

गेली म्हणजे नेमकं काय झालं, हे बॉटलनोज डॉल्फिनच्या जनुकात १९९८ मध्येच दिसलं होतं. निळ्याचं रंगद्रव्य घडवणारं जनुक त्याच्यात अजूनही आहे, पण मोडलेलं. जनुकातला मजकूर तीन-तीन अक्षरांच्या गटांनी वाचला जातो. समजा मजकूर आहे 'रमण खडक उचल'. त्यातला एक 'म' गळाला आणि वाचणारा तरीही तीन-तीन अक्षरंच वाचत राहिला, तर तो वाचेल 'रणख डकउ चल'. एक अक्षर गेलं आणि पुढचा सगळा अर्थ गेला. अशी मोडतोड जमिनीवरच्या प्राण्यातही होते, पण तिथे ते पिल्लू रंग चुकतं, मागे पडतं आणि ती चूक पुढच्या पिढीत फारशी जात नाही. जिथे चुकीनं काही बिघडत नाही तिथे ती टिकते. देवमाशाच्या पूर्वजांना निळी पेशी असल्या-नसल्यानं काही फरक पडेनासा झाला असला पाहिजे.

कधी? पाइख्ल यांची मांडणी मला पटते. समुद्रात उतरणारा प्राणी पहिल्या दिवशी निळ्याशार महासागरात जात नाही, तो आधी किनाऱ्याच्या, खाडीच्या पाण्यात राहतो. आणि खाडीचं पाणी निळं नसतं. सडक्या पानांचा अर्क, गाळ, शेवाळ यांनी ते हिरवट-पिवळट होतं, निळा प्रकाश तिथे आधी शोषला जातो. दाभोळच्या खाडीत नाही तर वाशीच्या पुलावरून खाली बघितलं तर हे डोळ्यांनी दिसतं. अशा पाण्यात निळी पेशी रिकामी बसून राहते. लाखो वर्षं ती तशी बसली, तेवढ्यात जनुक मोडलं. नंतर त्यांचे वंशज खोल निळ्या पाण्यात गेले, तिथे ती पेशी उपयोगी पडली असती, पण मोडलेलं जनुक पुन्हा जुळत नाही.

देवमाशांच्या या प्रवासाची सुरुवात आपल्याच उपखंडात झाली आहे, हे आवर्जून सांगावंसं वाटतं. जम्मू-काश्मीरमधल्या कालाकोट भागात भूशास्त्रज्ञ ए. रंगा राव यांनी जमवून ठेवलेल्या दगडांतून इंडोहायस नावाच्या, छोट्या हरणासारख्या प्राण्याची हाडं निघाली. सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा हा प्राणी. २००७ मध्ये हान्स थ्युइसन आणि सहकाऱ्यांनी त्याच्या कानाच्या हाडावरून दाखवलं की तो देवमाशांचा जवळचा आप्त आहे. पलीकडे पाकिस्तानात पाकिसिटस नावाचा सुरुवातीचा देवमासा सापडला. त्याचे डोळे मगरीसारखे डोक्याच्या वरच्या बाजूला होते, पाण्यातून वर टेहळणी करायला.

एक बाजू गेली, पण दुसरी घडत होती. दंडाकार पेशीतलं ऱ्होडॉप्सिन नावाचं रंगद्रव्य ३४८ अमिनो आम्लांची साखळी असते. गायीच्या डोळ्यात ते ५०० नॅनोमीटरच्या आसपासचा, हिरवट-निळा प्रकाश सगळ्यात चांगला टिपतं. डॉल्फिनमध्ये ते ४८८ वर सरकलंय, निळ्याकडे. हा फरक घडवायला त्या अख्ख्या साखळीतल्या तीन जागांवरचे मणी बदलणं पुरेसं झालं. खोल बुड्या मारणाऱ्या चोचवाल्या देवमाशांत ते आणखी निळ्याकडे, ४८० च्या जवळ गेलंय. एलिफंट सीलमध्ये ४८६ च्या आसपास. खोल पाण्यात जो उजेड पोचतो आणि जे जिवंत दिवे पेटतात, त्यांच्याशी हे आकडे जुळतात. निळा 'रंग' म्हणून गेला, पण निळा 'उजेड' मात्र हे डोळे आपल्यापेक्षा उत्तम पकडतात. काहींनी तर याच वाटेनं टोक गाठलं. २०१३ मध्ये जनुकांच्या अभ्यासातून दिसलं की स्पर्म व्हेल, राइट व्हेल आणि काही चोचवाले देवमासे यांच्यात हिरव्याच्या शंक्वाकार पेशीचं जनुकही मोडलंय. त्यांच्याकडे उरल्यात त्या फक्त दंडाकार पेशी.

सगळ्याच समुद्री सस्तनांची ही गत नाही. मॅनटी, म्हणजे आपल्या कच्छच्या आणि मन्नारच्या आखातात चरणाऱ्या समुद्रगायीची अमेरिकेकडची चुलत बहीण, तिच्याकडे दोन्ही जाती शाबूत आहेत. ती उथळ उजेडात समुद्री गवत खाते. १९९६ मधल्या चाचण्यांत शिकवलेल्या मॅनटींनी निळा आणि हिरवा हे रंग करड्यापासून बिनचूक ओळखले. समुद्री ऊदमांजराकडेही दोन्ही आहेत.

मग सील पूर्ण रंगांध? १९९०च्या दशकात शिकवलेल्या सी लायननीही निळे-हिरवे ठोकळे करड्या ठोकळ्यांतून ओळखून दाखवले होते, आणि त्यावर बराच काथ्याकूट झाला. एक तर्क असा की तिन्हीसांजेच्या उजेडात दंडाकार आणि शंक्वाकार दोन्ही पेशी एकाच वेळी काम करतात; एकीचं टोक जरा निळ्याकडे, दुसरीचं त्याच्या पुढे, तेव्हा तराजू दोन झाले आणि थोडीफार तुलना शक्य झाली. पण २०१५ मध्ये जर्मनीतल्या रोस्टॉकच्या संशोधकांनी हार्बर सीलवर चाचण्या घेताना वस्तूच्या उजळपणावरून ओळखायची वाट काळजीपूर्वक बंद केली, आणि तेव्हा सील रंग ओळखू शकला नाही. मला हा दुसरा प्रयोग जास्त भक्कम वाटतो, कारण उजळपणा आणि रंग यांची गल्लत हाच या सगळ्या चाचण्यांतला खरा खाचखळगा आहे.

हे सगळं वाचताना मला सतत केशरी जॅकेट आठवत होतं, आणि एका ठिकाणी ते अगदी वेगळ्या रूपात भेटलं. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर उत्तर अटलांटिक राइट व्हेल राहतो. जगात चारशेहून कमी उरलेत. खेकडे आणि लॉब्स्टरच्या पिंजऱ्यांना बांधलेल्या उभ्या दोऱ्यांत अडकून मरणं हे त्यांच्या ऱ्हासाचं एक मोठं कारण आहे. हा प्राणी रंग अजिबात बघत नाही, पण त्याच्या दंडाकार पेशी निळ्या-हिरव्या उजेडाला तयार असतात, आणि लाल-केशरी वस्तू त्या पेशींना जवळजवळ काळी दिसते. वरून येणाऱ्या उजेडासमोर काळी रेघ. तो ज्यावर जगतो ते तांदळाच्या कणीएवढे, कोपेपॉड नावाचे तरंगते जीवही त्याला असेच दिसत असावेत, उजळ पाण्यासमोर काळसर ढग. तेव्हा स्कॉट क्राउस आणि सहकाऱ्यांनी केप कॉडच्या उपसागरात वेगवेगळ्या रंगांच्या, कडक, अडकणार नाहीत अशा खोट्या दोऱ्या उभ्या केल्या आणि देवमासे किती अंतरावरून बाजूला वळतात ते पाहिलं. २०१४ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलं: लाल आणि केशरी दोऱ्या हिरव्या दोऱ्यांपेक्षा जास्त लांबून लक्षात येतात. जो रंग त्याला दिसतच नाही, तोच त्याला वाचवू शकतो. हिरवी दोरी हिरव्या पाण्यात विरघळून जाते.

आपल्याकडेही किनाऱ्यालगत फिरणारे गादे मासेमारीच्या जाळ्यांत अडकतात. त्यांचं पाणी मात्र केप कॉडहून गढूळ. इतक्या गढूळ पाण्यात डोळ्याला मर्यादा असते, म्हणून तिथे ते आवाज सोडून त्याच्या पडसादावर वाट काढतात. या वाटेचं दुसरं टोक बघायचं तर गंगेत जावं लागतं. बिहार-उत्तर प्रदेशात ज्याला सूंस म्हणतात, तो गंगेतला डॉल्फिन २००९ पासून आपला राष्ट्रीय जलचर आहे. त्याचा डोळा टाचणीनं टोचल्यासारखा, आणि आत भिंगच नाही. उजेड कुठून येतो एवढं कळतं, चित्र उमटत नाही. गढूळ नदीत ज्याला हातभर पलीकडचं दिसणार नव्हतं त्यानं भिंगाचा खटाटोप सोडून दिला आणि कानांवर घर चालवलं.

हर्णैच्या गाद्याचा डोळा मात्र बॉटलनोजच्या घराण्यातला. हिरव्याची एकच शंक्वाकार पेशी, ५२४ नॅनोमीटरच्या आसपास सगळ्यात जागी. केशरी प्रकाश त्याच्या पुढे, ६०० च्या जवळ; तिथे ती पेशी फारच कमी दाद देते. वर दुपारचं ऊन, बाहुली मिटून दोन भोकं झालेली, आणि मागे उजळ आकाश. त्यासमोर बोटीची गडद कड आणि कडेवर ओळीनं उभे असलेले काळपट करडे गोळे.

फोन करून भाचीला सांगितलं.

"म्हणजे मी त्याला काळी दिसले?"

"काळपट करडी. पण दिसलीस."

ती जरा वेळ गप्प होती. "मग पुढच्या वेळी मी पांढरा फ्रॉक घालते."

"वरून लाईफ जॅकेट घालावंच लागेल गं," मी म्हटलं.